ब्लाऊजच्या आतल्या दोन टिपा

उल्हासनगरच्या ज्या घाऊक व्यापारी दादांना मी वीस-बावीस वर्षं ब्लाऊज शिवून दिले, त्यांनी माझा एकही ब्लाऊज कधी सुलटा बघितला नाही. मी पिशवी काउंटरवर ठेवली की ते वरचा एक उचलायचे, फटकन उलटा करायचे, कडेची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून ट्यूबलाइटखाली धरायचे आणि मगच म्हणायचे, ‘बैठ, अदी.’ अदी म्हणजे सिंधीत ताई. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, तरी मी अदीच. मला या तपासणीचा भयंकर राग यायचा. मेलं, गळ्याला एवढी नाजूक पायपिंग केलीय, बाहीला जरीची पट्टी बसवलीय, तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही आणि आतल्या दोऱ्यांत डोळे घालून बसायचं! मी घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, या माणसाने स्वतःच्या लग्नात बायकोचा चेहरा बघायच्या आधी तिच्या साडीची उलटी बाजू तपासली असणार.

ते काय शोधायचे ते मला ठाऊक होतं. आमच्या धंद्यात तयार ब्लाऊजच्या कडेला एक टीप नसते, तीन असतात. बाहीपासून कमरेपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या इंचावर, एकीला लागून एक. सगळ्यात आतली छत्तीसची, मधली अडतीसची, कडेची चाळीसची. अंग भरलं की आतली टीप उसवायची, दोन इंच सुटतात. आणखी भरलं तर मधली. त्यासाठी आत कापड जास्तीचं सोडावं लागतं, त्याला शिवणकामात माया म्हणतात. आणि अशा ब्लाऊजला मापाची चिठ्ठी लागते ती चाळीसची, कारण तो चाळीसपर्यंत जातो. धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक, त्यामुळे ते कुठे लिहिलेलं नाही.

दादांकडून माझे ब्लाऊज शहाडला जायचे, अंबरनाथला जायचे, कर्जत लाइनवरच्या गावांतल्या लहान दुकानांत जायचे. तिथून बायका घ्यायच्या. माझ्या आणि त्या घालणारीच्या मधे तीन-चार माणसं होती, आणि प्रत्येक माणूस आपापला वाटा काढून घेतो हे मला सारखं खुपायचं. मी शिवते, हे नुसते इकडची पिशवी तिकडे करतात, असं माझं ठाम मत होतं. तेव्हा मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हते, अजूनही फारशी नाही.

माझा गाळा बदलापूरच्या टोकाला, खरवईला. नव्या बिल्डिंगच्या खाली, समोर अजून थोडी भाताची खाचरं शिल्लक आहेत. पाच मशीनं, चार बाया आणि मी. त्या चौघींत सगळ्यात हुशार हात होता तो वांगणीच्या आतल्या वाडीवरून येणाऱ्या एकीचा. आम्ही सगळ्या तिला वाडीवालीच म्हणायचो आणि ती मला बाय म्हणायची. माझ्याकडे यायच्या आधी ती एका फार्महाऊसवर झाडलोट करायची. मालक शनिवार-रविवारी आला तर काम, नाही आला तर बसा घरी. माझ्याकडे ती मशीन शिकली आणि वर्षभरात माझ्यापुढे गेली. तिचा पाय पॅडलवर पडला की कापड आपोआप चालतंय असं वाटायचं. तिने एकदा मला सांगितलं होतं की आता ती कुणाची वाट बघत बसत नाही, सकाळी उठली की तिला माहीत असतं आज कुठे जायचंय. हे तिने अगदी सहज सांगितलं, पण मला ते लागून राहिलं.

मग दुकानदार दादांकडे यायचे कमी झाले. आधी महिन्याचे दोन महिने झाले, मग फोनवर ‘बघू, बघू’. त्यांची गिऱ्हाइकं मोबाइलवर बघून घरी मागवत होती. दादांचा काउंटर एवढा ओसाड पडला की त्यांनी त्यावर वर्तमानपत्र अंथरून शब्दकोडं सोडवायला घेतलं. एका दुपारी मी पिशवी घेऊन गेले, तर त्यांनी सवयीने एक ब्लाऊज उलटा केला, शिवण ताणली आणि न बोलता परत पिशवीत ठेवला. दिवाळीनंतर शटर बंद करतोय म्हणाले. मुलं पुण्याला बोलावतायत, इथे बसून करायचं काय. मी बरं म्हणून बाहेर पडले. येताना रिक्षात बसल्यावर मात्र रडू आलं. दादा गेले म्हणजे माझा गाळा गेला, आणि गाळा गेला म्हणजे वाडीवाली परत त्या शनिवार-रविवारची वाट बघत बसणार. बाकीच्या तिघींचं आणि माझं काहीतरी लागलं असतं. तिचं लागलं नसतं.

माझ्याच बिल्डिंगमधली एक शेजारीण मोबाइलवर लोणची विकायची. तिने मला हाताला धरून बसवलं. मधे कोणी नाही, म्हणाली, तू आणि गिऱ्हाईक, बस्स. हे ऐकून माझा चेहरा असा काही उजळला! इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीवर माझं पान उघडायला दोन दिवस आम्ही कागदपत्रं चढवत होतो. प्रत्येक पानावर एक नवा प्रश्न, आणि उत्तर चुकलं की पान पुन्हा पहिल्यापासून. मी त्या मोबाइलला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. फोटोसाठी उल्हासनगरहून बाईचा पुतळा आणला. तो घरी येताना रिक्षात माझ्या मांडीवर होता, आणि रिक्षावाल्याने आरशातून एवढ्या वेळा बघितलं की मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं. गॅलरीत उजेड चांगला पडतो म्हणून पुतळा तिथे उभा केला, मागे पांढरी चादर धरून नवरा उभा राहिला. चादरीखालून त्याचे पाय दिसत होते, म्हणून चार फोटो फुकट गेले.

एकेका रंगाचा पुढून फोटो, मागून फोटो, गळ्याचा जवळून फोटो. माप विचारलं तिथे चिठ्ठीवरचं लिहिलं, चाळीस. लिहायला दुसरं काय होतं?

पहिली ऑर्डर आली तेव्हा मी गाळ्यात ओरडलेच. ज्या गावाचा पत्ता होता, ते कुठल्या राज्यात आहे हेसुद्धा आम्हाला नकाशात शोधावं लागलं. आम्ही पाचही जणी मोबाइलवर डोकी घालून ते गाव बघत होतो. वाडीवाली म्हणाली की तिथे आपलं कोणी जन्मात जाणार नाही आणि आपला ब्लाऊज चाललाय. पार्सल नेऊन द्यायची जागा अंबरनाथला होती. मी स्वतः घेऊन गेले, आणि खिडकीतल्या माणसाने ते खाटकन मागे फेकलं. मग रोज चार, मग आठ, मग एकदा एका दिवसात एकवीस. मी नवऱ्याला म्हणाले की बघ, मधली माणसं गेली आणि वाट मोकळी झाली.

तिसऱ्या आठवड्यात पार्सलं परत यायला लागली.

आधी दोन आली, मी म्हटलं असतात नखरे. मग रोज यायला लागली. आमच्याच हाताने चिकटवलेल्या पिशव्या, कडा फाटलेल्या, त्यात घडी मोडलेले ब्लाऊज. कारणाच्या जागी एकच शब्द, घट्ट. घट्ट, घट्ट, घट्ट. एकीने लिहिलं होतं की चाळीस सांगून छत्तीस पाठवता, लोकांना फसवता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. फसवते? मी? तीन-तीन टिपा मारून देते ती काय हौस म्हणून? बाई, उसव ना एक! सासूने, आईने, कुणी शिकवलं नाही का तुला? मी असं मोबाइलवर ओरडत होते आणि मोबाइल थंडपणे आणखी एक परत आल्याचं सांगत होता.

मग नोटीस आली. परत येणाऱ्या मालाचं प्रमाण जास्त आहे, तीस दिवसांत कमी झालं नाही तर तुमचं पान बंद होईल. कुणाची सही नाही, बोलायला माणूस नाही. दिलेल्या नंबरवर फोन केला तर एक रेकॉर्ड केलेली बाई मला अतिशय गोड आवाजात एक दाबा, दोन दाबा सांगत राहिली. दादा रागावले तर निदान त्यांच्याशी भांडता यायचं. इथे भांडायलाच कोणी नव्हतं.

मी चौघींना बसवून नोटीस वाचून दाखवली. लपवण्यात अर्थ नव्हता. पान बंद झालं तर दादांचंही शटर बंद होतंय, म्हणजे हा गाळा बंद, हे सांगितलं. वाडीवाली हातातला दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

रात्रभर विचार करून मी शक्कल काढली. लोकांना नेमकं माप हवंय ना? मग नेमकंच द्यायचं. कंपनीच्या पानावर मापांचा तक्ता असतो, तो छापून आणला, भिंतीला चिकटवला आणि फर्मान काढलं. आजपासून तीन टिपा बंद. चाळीस म्हणजे चाळीस, एकच टीप, आणि आतलं जास्तीचं कापड कापून टाकायचं. कापड वाचेल, दोरा वाचेल, वेळ वाचेल. तिघींनी माना डोलावल्या. वाडीवालीने मशीनवरून पाय काढला.

‘बाय,’ ती म्हणाली, ‘बाईमाणूस जलमभर एका मापाचं रेतं का?’

मी म्हटलं, ते बघणं आपलं काम नाही. तिने मला सांगितलं की तिच्या लग्नातला ब्लाऊज तिने तीन बाळंतपणांत घातला. प्रत्येक वेळी एक उसवली, मग दुसरी उसवली, अंग उतरलं की परत मारून घेतली. तेवढा एकच बरा ब्लाऊज होता. आत कापड नसतं तर ती नवा कुठून आणणार होती? हे सगळं ती आवाज न चढवता बोलत होती, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले की तुझ्या वाडीवरचं जग वेगळं, आता धंदा वेगळा आहे, तुला त्यातलं कळत नाही. बोलून गेले. बोलल्याबरोबर कळलं की बोलायला नको होतं, पण शब्द मागे घेण्याची माझी रीत नाही, म्हणजे तेव्हा नव्हती.

ती उठून कोपऱ्यात जाऊन बसली आणि हुक लावायला घेतले. त्या दिवसापासून तिने एका टिपेच्या ब्लाऊजला मशीनवर हात लावला नाही. रोज वेळेवर यायची, दिवसभर हुक लावायची, वेळेवर जायची. माझ्याशी बोलायचं झालं तर दुसरीला सांगायची, बायला विचार हुक संपले. मीही तशीच, मीही दुसरीकडूनच उत्तर पाठवायची. पाच फुटांवर बसून आमचा हा टपाल-व्यवहार चालू होता. आतलं कापड मी माझ्या हाताने कापलं. कात्री चालताना खाली पट्ट्यांचा ढीग पडला, आणि तो ढीग बघून मला बरं वाटत नव्हतं हे मी कुणाला सांगितलं नाही.

नवे ब्लाऊज गेले आणि आठ-दहा दिवसांत परत आले. आता घट्टही येत होते आणि सैलही. कुणाचा दंड जाड, कुणाची कंबर बारीक, कुणाची छाती बेचाळीस आणि तिला वाटतं चाळीस. आधी शंभरातल्या काहींना तरी आतल्या टिपा सापडायच्या, त्या गुपचूप उसवून ठेवून घ्यायच्या. आता उसवायला आत काही नव्हतंच. नोटिशीचे तेरा दिवस उरले. वाडीवालीने परत आलेला ढीग बघितला आणि एक अक्षर बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी दोन मोठ्या पिशव्या भरल्या आणि उल्हासनगरला गेले. मनात एवढंच होतं की दादांच्या पाया पडायचं आणि म्हणायचं, शटर बंद करायच्या आधी एवढा माल काउंटरवर लावा, निदान बायांचा हा महिना निघेल. दुकानात फळ्या अर्ध्या रिकाम्या होत्या, एका कोपऱ्यात खोकी बांधून ठेवली होती. दादा शब्दकोड्यातून वर बघून हसले. मी पिशवी ठेवली. त्यांनी वरचा ब्लाऊज उचलला, फटकन उलटा केला, शिवण ताणली. मग चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत ताणली. दुसरा उचलला. तिसरा. एवढ्या वर्षांत मी त्यांचा चेहरा असा पडलेला पाहिला नव्हता.

‘अदी,’ ते म्हणाले, ‘ये तेरा माल नहीं है.’

मी जी बांध फुटून बोलायला लागले ती सगळं सांगूनच थांबले. पान, पुतळा, नोटीस, रेकॉर्ड केलेली बाई, सगळं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. फक्त शेवटी एक विचारलं, की त्या परत पाठवणाऱ्या बायकांना टीप उसवायची हे कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं, सांगायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत असतं. दादांनी मान हलवली. नाही, म्हणाले. कुणालाच माहीत नसतं. मी प्रत्येक दुकानदाराला माल देताना सांगतो, तो प्रत्येक बाईला विकताना सांगतो, बहेनजी, टाइट झाला तर आतली एक टीप खोला. अंबरनाथचा एक म्हातारा दुकानदार तर स्वतःच कात्री घेऊन दुकानात उसवून द्यायचा. तू शिवून मोकळी व्हायचीस, तुला वाटायचं ब्लाऊज आपोआप बसतो.

इतकी वर्षं मी ज्यांना पिशवी इकडून तिकडे करणारे म्हणत होते, ते पिशवीबरोबर एक वाक्य पुढे देत होते. ते वाक्य माझ्या ब्लाऊजइतकंच गरजेचं होतं, आणि ती माणसं बाजूला झाली तेव्हा त्यांच्याबरोबर ते वाक्यही गेलं. मला ते कधी ऐकूच आलं नव्हतं, कारण मी काउंटरच्या अलीकडे उभी असायची.

‘मग आता काय करू?’ मी विचारलं.

‘मैं क्या देखता हूँ पहले?’ दादा म्हणाले. ‘वही फोटो डाल.’

उलटी बाजू. दुकानात गिऱ्हाइकापुढे ब्लाऊज कधी उलटा टाकायचा नाही, दोरे दिसतात, ही रीत मी पहिल्या दिवसापासून पाळत आले होते, आणि हा माणूस मला पुतळ्याला उलटा ब्लाऊज घाल म्हणत होता. मी तशीच गाळ्यात आले. भिंतीवरचा तक्ता फाडला. तीन टिपा चालू, म्हटलं. तिघींनी एकमेकींकडे बघितलं. वाडीवाली हुकांचा डबा बंद करून उठली आणि आपल्या मशीनवर जाऊन बसली. बोलली नाहीच, पण पॅडलचा आवाज सुरू झाला, आणि तो आवाज ऐकून मला एवढं हायसं वाटलं की मी उगाचच बाहेर जाऊन उभी राहिले.

उलटा फोटो काढला तर पंचाईत अशी की अस्तर आणि दोरा एकाच रंगाचे, टिपा दिसेचनात. मोबाइल जवळ नेला, लांब नेला, पुतळा उन्हात ठेवला, काही उपयोग नाही. मी चिडचिड करत होते. वाडीवालीने पुतळ्यावरचा ब्लाऊज न विचारता काढून घेतला, सुईत लाल दोरा ओवला आणि खालच्या कडेला, आतल्या टिपेच्या शेवटी एक आणि मधल्या टिपेच्या शेवटी एक, असे दोन ठसठशीत टाके घातले. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आतून दोन लाल ठिपके. लाल टाका आहे तिथून धरायचं आणि उसवत जायचं, तिसऱ्या टिपेला टाका नाही, तिला हात लावायचा नाही. हे तिने शेजारच्या बाईला सांगितलं, म्हणजे मला.

फोटो चढवले. एकाखाली एक, टिपा न उसवता छत्तीस, एक उसवून अडतीस, दोन उसवून चाळीस. प्रत्येक ब्लाऊजला तसेच दोन लाल टाके घातले, प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी घातली, हिंदीत आणि मराठीत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र. चित्र वाडीवालीने काढलं. दोन ठिपके आणि एक कात्री, एवढंच, पण कुणालाही कळेल असं.

चार दिवसांनी दादा स्वतः खरवईला आले. ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाळ्यात पाऊल टाकत होते. पांढरी सफारी, हातात शब्दकोड्याची घडी. त्यांनी खुर्ची ओढली, तयार ढीग पुढ्यात घेतला आणि एकेक ब्लाऊज उलटा करायला लागले. सातवा बाजूला टाकला, टीप तिरकी गेली होती. ती माझीच होती. वाडीवाली तोंडाला पदर लावून हसली, आणि मग मलाही हसू आलं. जाताना दादा म्हणाले की मंगळवारी आणि शुक्रवारी येईन, पुण्याला काय, नंतरही जाता येईल. मोबाइलला डोळे नसतात, शिवण तपासायला माणूसच लागतो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

उरलेले दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी उठून आधी मोबाइल, मग चहा. पार्सल परत आलं की मी आधी कारण वाचायची. रोज सहा यायची तिथे तीन आली. मग एक. मग एके दिवशी एकही नाही, तर मला वाटलं नेटच गेलंय, आणि मी शेजारणीच्या मोबाइलवर बघून खात्री केली. सत्ताविसाव्या दिवशी नोटिशीची लाल पट्टी पानावरून गेली. कुणी कळवलं नाही, अभिनंदन नाही, काही नाही. होती आणि नव्हती झाली. मी गाळ्यात सांगितलं की राहिला, आपला गाळा राहिला. एकीने कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं, एकीने वडापाव मागवले. वाडीवालीने खाली मान घालून चालू असलेली टीप पूर्ण केली, दोरा तोडला आणि मग डोळे पुसले.

तरी आमचा टपाल-व्यवहार चालूच होता. मी चुकले होते आणि ते मी म्हटलं नव्हतं. चार वेळा जिभेवर आलं आणि चार वेळा मी हुकांचा भाव विचारला.

मग एका दुपारी मोबाइलवर एका गिऱ्हाइकाने लिहिलेलं आलं. सोबत फोटो होता. आमचा मोरपंखी ब्लाऊज, पलंगावर उलटा पसरलेला. कडेला एक लाल टाका होता, दुसऱ्याच्या जागी नुसती भोकं. आतली टीप सफाईने उसवलेली. खाली दोन ओळी होत्या. मी त्या मनात वाचल्या आणि उठून वाडीवालीच्या मशीनसमोर जाऊन उभी राहिले. शेजारच्या बाईला नाही, तिलाच वाचून दाखवल्या.

‘एक सिलाई खोल ली है. दूसरी सातवें महीने में खोलूँगी.’

मशीन थांबलं. तिने मोबाइल हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा केला आणि त्या उरलेल्या एका लाल टाक्याकडे बघत राहिली.

‘तुझं खरं होतं,’ मी म्हटलं. ‘मी तुला बोलले ते चुकलंच माझं.’

मोबाइल मांडीवर ठेवून ती बोटांची पेरं मोजायला लागली, अंगठा एकेका पेरावर टेकवत. ‘बाय,’ ती मला म्हणाली, सरळ मलाच, ‘तिला आता पाचवा असंल. मंग बाळंत झाल्यावर परत मारून घ्याला लागंल तिला. ते आपुन चिठ्ठीत लिवलंच नाय.’

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी मिळून ते लिहिलं.